कात्र्या थांबवणारे सर

ही वही चुकून कुणाच्या हाती लागलीच, तर माझ्या गिचमिड अक्षराची आणि चौथीतल्या शुद्धलेखनाची आधीच माफी मागते. पण फुकट शिकवून गरिबांचं एवढं नुकसान करणारा माणूस आमच्या सरांखेरीज अख्ख्या सोलापुरात सापडणार नाही, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

सर कॉलेजातून निवृत्त झालेले. शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी दर गुरुवारी दुपारी ते आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात वर्ग घ्यायचे. विषय तीन: इतिहास, कविता आणि विचार करणं. तिसरा विषय ते रस्त्यावरही सोडत नसत. भाजीवालीला एकदा त्यांनी विचारलं, "ताजं म्हणजे नेमकं काय?" तिचं उत्तर संपेपर्यंत कोथिंबीर सुकली, ती सरांनी आभार मानून विकत घेतली. एखादी गोष्ट ठाऊक नसली, तर "मला माहीत नाही!" असं इतक्या आनंदात सांगायचे, की जणू घरात नात झाली. प्रश्न विचारायला कुणी उभं राहिलं की म्हणायचे, "बसा, उभं राहायचं काम माझं." आम्ही बहुतेक विड्या वळणाऱ्या बायका. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि हातात पानं कापायची कात्री, असंच शिकायचो. बोलण्यात रंग भरला की आमचे हात थांबत आणि सर टाळी वाजवत, "कात्र्या थांबल्या! मुद्दा पोचला!" मुद्दा पोचायचा; विड्या मात्र कमी पडायच्या.

'न्याय म्हणजे काय' या विषयाच्या दिवशी माझ्या रोजच्या हजार विड्यांत तीनशे कमी भरल्या. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, सांगून टाकलं, "बास झालं. फुडल्या गुरुवारी जायचं न्हाय." मी कुणापुढं तोंड उघडत नाही. मान हलवली आणि चुलीपाशी जाऊन रडले. शेजारणीकडून हे कळल्यावर सर घरीच आले. "नुकसान माझ्यामुळं झालं, भरून मीच देणार," म्हणत सूप घेऊन बसले. तासाभरात अकरा विड्या झाल्या. आत्यांनी एक उचलून पाहिली.

"मास्तर, ही इडी हाय का लग्नातली पिपाणी?"

"आजी, तुम्ही शिकवाल मला?"

"येतेच की गुरुवारी. तुमी काय शिकिवताय ते बी बगते."

आल्या त्या भांडायच्या तयारीनं, सूप घेऊन थेट पुढं बसल्या. सरांनी विचारलं, "आजी, खोटं बोलणं कधी बरोबर असतं का?"

"व्हय की. पावण्याफुडं सुनेचं कवतिक करताना."

वर्ग हसला, मीसुद्धा. सर म्हणाले, "आणि कधी?" तेव्हा आत्या सांगायला लागल्या. मोहोळला धाकटी बहीण बाळंतीण होती, म्हणून वडील गेल्याचं तिला आठ दिवस कळू दिलं नव्हतं. "बरुबर केलं का चूक, आजून कळंना," म्हणाल्या. कात्री कधी थांबली, त्यांनाच समजलं नाही. सरांनी टाळी वाजवली नाही. घरी येताना कोपऱ्यावर आत्या हळूच म्हणाल्या, "आज इड्या मोजू नगंस."

पुढं वर्षभर आमच्या घरातून दोन सुपं जायची आणि दोन्ही अपुरी परत यायची. यंदा सरांना त्यांची लेक पुण्याला घेऊन गेली आणि वर्ग बंद पडला. आता गुरुवारी दिवेलागणीच्या आधीच आमच्या दोघींच्या हजार-हजार भरतात. परवा शेवटच्या विडीला दोरा बांधून आत्या म्हणाल्या, "आज बी पुऱ्या झाल्या की गं." आणि बराच वेळ त्यांनी सूप मांडीवरून उतरवलंच नाही.