दाजींच्या पाठीवर अद्रक

मी माझ्या सख्ख्या दाजींच्या पाठीला अद्रक, लिंबू, गूळ आणि हिरवी मिरची चोळली. धोंड्याच्या महिन्यात, मानाच्या पाटावर बसवून, दोन्ही हातांनी, अगदी मन लावून.

वाईट हेतू अजिबात नव्हता. माझ्या हातून आयुष्यात जे जे काही बिघडलं, ते चांगल्याच हेतूनं बिघडलंय. (वाईट हेतूनं एखादं काम करून बघायला पाहिजे, कदाचित नीट होईल.)

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. कॉलेज महिना महिना बंद असायचं आणि मी बोरीला घरी बसून होतो. (माझी बी.ए.ची दोन वर्षं वाया गेली ती मात्र आंदोलनामुळं नव्हे. ती मी स्वतःच्या हिमतीवर घालवली.) त्यातच अधिक महिना आला आणि अण्णांनी सेलूच्या जावयाला, म्हणजे शकुअक्काच्या नवऱ्याला, धोंडे जेवायला बोलावलं.

ह्या जेवणावर अक्काचं सगळं अवलंबून होतं. ती डी.एड. झालेली. देवगाव फाट्याजवळच्या शाळेत तिला मास्तरणीची जागा मिळाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. पण दाजींचं सेलूत कापडाचं दुकान, आणि त्यांच्या घरचं म्हणणं, "आमच्यातल्या बाया नोकरीला जात न्हाईत." दाजी स्वतः नाही म्हणत नव्हते. ते "बघू" म्हणत होते. हे "बघू" ऐकून ऐकून अक्काची झोप उडाली होती.

अण्णांनी बेत आखला. जावयाला तेल लावून न्हाऊ घालायचं, धोंड्यांवर तूप ओतायचं, आणि पान खाता खाता विषय काढायचा. प्रत्येकाला काम नेमून दिलं. मेहुणा म्हणून तेल चोळायचा मान माझा.

"आन त्याच्याशिवाय दुसरं काही करू नको," अक्का मला माजघरात गाठून म्हणाली. "दिग्या, तुझ्या पाया पडते मी."

थोरल्या बहिणीनं पाया पडायची भाषा केली की कुणाचंही काळीज हलेल. माझं जरा जास्तच हललं. मी ठरवलं, अक्कासाठी आपण काहीतरी करायचंच!

दिवाळीला दाजींनी एक किस्सा सांगितला होता. कापडखरेदीला मुंबईला गेले असताना एका व्यापाऱ्यानं त्यांना मोठ्या हॉटेलात नेलं. तिथं काकडी-टोमॅटोच्या चकत्यांवर एक पातळ, सोनेरी रस घातला होता. "अद्रकचं ड्रेसिंग म्हणतात त्याला," दाजी डोळे मिटून म्हणाले होते. "अद्रक, तेल, जरा आंबट, जरा गोड. अशी चव परत न्हाई मिळाली बघा." बस्स! तीच चव त्यांना सासुरवाडीत मिळाली तर ते अक्काला शाळा काय, कॉलेज काढून देतील!

सकाळीच मी खलबत्ता घेऊन बसलो.

"काय करायलास रे?" मायनं विचारलं.

"ड्रेसिंग."

"कुणाला लागलं?"

"लागलं न्हाई माय, खायचं असतंय ते."

माय कपाळावर हात मारून पुरण वाटायला निघून गेली.

अद्रक कुटलं. करडईचं कच्चं तेल घातलं, लिंबू पिळलं, गूळ घातला. चव घेतली, तर काहीच लागेना. मला चार दिवसांचं सणसणीत पडसं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी आणखी अद्रक घातलं. तरी मिळमिळीतच! आणखी घातलं. माय जाता जाता म्हणाली, "मिरची न्हाई व्हय त्याच्यात?" मुंबईच्या लोकांचं हे राहूनच गेलं असणार, असं वाटून मी मूठभर तिखटजाळ मिरच्या कुटून घातल्या. मग हॉटेलासारखं दिसावं म्हणून सगळं धोतराच्या फडक्यातून गाळलं आणि पितळेच्या वाटीत ओतून, गूळ नीट विरघळावा म्हणून, न्हाणीतल्या चुलीच्या कडेला ठेवलं.

आमच्या घरी पितळेच्या तशा दोन वाट्या होत्या. दुसरी वाटी मायनं दाजींसाठी सुगंधी तेल भरून, कोमट व्हावं म्हणून, त्याच चुलीच्या कडेला ठेवली होती.

धुरानं न्हाणीत अंधार. नाक बंद. मी स्वयंपाकघरात एक वाटी नेऊन दिली आणि दुसरी घेऊन दाजींच्या मागं बसलो.

"या दाजी! आज असं तेल लावतो की सेलूला जाऊन सांगसाल."

पहिला हात पाठीवरून फिरला. दाजी खूश.

"वा दिगंबर! चांगली ऊब हाय की तेलाला."

"खास बनवलंय दाजी."

"थोडं चिकट लागायलंय."

"कस हाय त्याच्यात." मी खांदे चोळले, दंड चोळले. थोड्या वेळानं दाजी पाटावर सरकायला लागले.

"दिगंबर, जराशी आग व्हायलीय रे."

"मुरायलंय दाजी!"

"लय मुरायलंय पण."

"आंगातला शीण निघायलाय." बाहेरून मायनं आवाज दिला, "दिग्या, कंजूषपणा करू नको! पोटऱ्यांना लाव!" मी उरलेलं सगळं पोटऱ्यांवर ओतलं आणि असा जोर लावला, असा जोर लावला, की दाजींच्या तोंडातून शब्द येणंच बंद झालं. नुसतं "हा... हू... हा..." मला वाटलं, सुख सोसवत नाही माणसाला!

मग मी कडकडीत पाण्याचा तांब्या ओतला.

दाजी उडाले. बसल्या पाटावरून सरळ वर! पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर ते न्हाणीतून सुटले ते अंगणातल्या गुरांच्या हौदात जाऊन बसले. तिथं आमचा बैल पाणी पीत होता. त्यानं दाजींकडं बघितलं, पाण्याचा एकदा वास घेतला आणि तोंड फिरवून निघून गेला.

शेजारच्या गयाकाकूंनी भिंतीवरून डोकं काढलं. "काय गं, जावई हौदात कामून बसलेत?"

"उकडायलंय त्यांना," माय म्हणाली. मायचं डोकं संकटात लय चालतं.

"माय गं, लालभडक झालेत की!"

"गोरेच हायत ते मुळात!"

तेवढ्यात अण्णा हातात ताटली घेऊन बाहेर आले. मायनं त्यांना चव बघायला काकडी दिली होती. हॉटेलातला पदार्थ म्हटल्यावर त्याला नावं ठेवायची त्यांची छाती नव्हती. ते कौतुकानं चावत चावत म्हणाले, "दिगू, भारी झालंय रे तुझं ते ड्रेसिंग! जरा गिळायला सुळसुळीत हाय, पण वास काय सुटलाय! गजरा खाल्ल्यागत वाटायलंय!"

मी ताटलीकडं बघितलं. अण्णांचे ओठ चकाकत होते. मग मी माझ्या हातांकडं बघितलं. आता माझेही हात चुरचुरत होते.

"अण्णा," मी म्हणालो, "थुंका."

अक्काला कळायला क्षणही लागला नाही. ती पदर खोचून अंगणात आली. तिचं तोंड बघून वाटलं, आता रडते. सोमवार, शाळा, सगळं त्या हौदात बुडालं होतं. पण ती रडली नाही. अशी कडाडली की भिंतीवरच्या गयाकाकूसुद्धा ताठ झाल्या!

"पाणी बंद! पाण्यानं तेल निघत नसतंय! माय, ज्वारीचं पीठ आण. अण्णा, ताटली खाली ठेवा आन तोंड धुवा. गयाकाकू, तुमच्या घरी दही असंल तेवढं घेऊन या, नुसत्या बघू नका. दिग्या, कोपऱ्यात हो उभा! भिंतीकडं तोंड कर! आन तुमी हो, बाहेर या. हात खाली. डोळ्याला हात लावायचा न्हाई."

सगळे पळाले. दाजी निमूट बाहेर आले, हात खाली करून उभे राहिले. अक्कानं कोरडं पीठ चोळून तेल टिपून काढलं, मग डोक्यापासून पायापर्यंत दह्याचा लेप दिला. पुन्हा पीठ, पुन्हा दही. मधूनच दाजींनी "अगं पण—" म्हणून तोंड उघडलं.

"बोलायचं न्हाई," अक्का म्हणाली. दाजी बोलले नाहीत.

तासाभरानं पांढरेशुभ्र दाजी बाजेवर बसून धोंडे जेवत होते. विषय काढायची कुणाचीच हिंमत नव्हती. शेवटी पान पुढं करून अण्णा चाचरत म्हणाले, "जावईबापू, ते... फाट्याचं... म्हणजे आता कोणत्या तोंडानं..."

"मामा, सोमवारी मी स्वतः सोडून येतो हिला शाळेत," दाजी म्हणाले.

माय थबकली. अक्काच्या हातातलं ताट खाली टेकलं.

"पण तुमच्या घरचे?" अण्णांनी विचारलं.

"त्यांचं मी बघतो. आवो, सासऱ्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना एका आवाजात कामाला लावलं हिनं! मलासुद्धा! ही बाई घरात ठेवली तर आमच्याच घराची शाळा व्हायची. त्यापरीस पोरांना शिकवू द्या."

अक्का पदरात तोंड लपवून हसत होती की रडत होती, ते मला कोपऱ्यातून नीट दिसलं नाही. (मला अजून कुणी वळायला सांगितलं नव्हतं. जे बघितलं ते मान तिरकी करून, चोरून.) पण छाती कशी अभिमानानं भरून आली! मी भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणालो, "बघा दाजी! म्हणजे आपल्या ड्रेसिंगनंच काम केलं की न्हाई?"

दाजींनी पान चावायचं थांबवलं.

"शकू," ते म्हणाले, "पहिलीच्या वर्गात तुझ्या भावाला एक जागा धरून ठेव. आन त्याच्या हाताला काही लागू देऊ नको."