फळ्यावरची चौकट

दारव्ह्याला बी. ए. करत होते तेव्हा साहित्यातल्या संज्ञा मला तोंडपाठ होत्या. उपमा, रूपक, प्रतिमा, निवेदक. ग्रुपवर आलेली पीडीएफ मी पार घोकून काढली होती. पण आमचे सर व्याख्या विचारतच नसत. ते उदाहरण मागत, तेही स्वतःचं. आवडलं तर फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून लिहीत, खाली देणारीचं नाव. आठवडाभर ते कोणी पुसायचं नाही.

त्या चौकटीत माझ्या मैत्रिणीचं नाव चारदा येऊन गेलं होतं. माझं एकदाही नाही. आम्ही एकाच गावच्या, एकाच जीपनं यायचो. सुट्टीच्या दिवशी ती आईसोबत कापूस वेचायला जायची, आमच्याही वावरात. उपमा आणि रूपक यातला फरक तिला धड सांगता येत नसे, आणि बोलायची अशी की सर खडू शोधायला लागत. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका सोमवारी चेतनगुणोक्ती होती, म्हणजे वस्तूंनी, झाडांनी माणसासारखं वागणं. जीपमध्ये तिनं मला बोटांवरचे कपाशीच्या बोंडाचे ओरखडे दाखवले.

"पऱ्हाटी माह्या मायले ओळखते," ती म्हणाली. "तिले टोचत नाही, मलेच टोचते. आज सरले हेच सांगीन."

वर्गात सरांनी विचारताच मी हात वर केला आणि तिचं वाक्य जसंच्या तसं बोलून टाकलं. माझी आई उभ्या जन्मात कापूस वेचायला गेलेली नाही. सर खूश झाले. चौकट आखली, वाक्य लिहिलं, खाली माझं नाव लिहिलं. शेजारी बघायची माझी हिंमत झाली नाही.

मग सरांनी तिला उठवलं. "तुझं काय गं?"

ती बोटं चोळत उभी राहिली. मला वाटलं, आता सांगणार, नाहीतर रडणार. खरं सांगते, ती रडावी असंच मला वाटत होतं.

"येचून नेला तरी बोंड म्हणते सर, कापूस माहाच होता."

सरांनी डस्टर उचललं. आठवडा संपायच्या आत चौकट पहिल्यांदाच पुसली गेली.

परतीच्या जीपमध्ये तिनं नेहमीसारखी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. भांडली असती तर बरं झालं असतं. मी काहीतरी निमित्त काढून मागे राहिले आणि पुढच्या जीपनं गेले. गाव येईपर्यंत स्वतःचं एखादं उदाहरण शोधत होते. एकही सुचलं नाही.