डाव्या कानातला बास

आमच्या घराण्यात बहिरेपण नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण शिरूर कासारात काही मंडळी अजूनही माझ्याशी हातवारे करून बोलतात.

नव्वदीतली वर्षं होती. बीडमध्ये रोज काहीतरी नवं येत होतं. गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या, आणि आमच्या कापडदुकानाशेजारच्या टेलरचा मुलगा, माझा वर्गमित्र रज्जाक, दुबईहून सुट्टीवर आला होता. त्यानं माझ्यासाठी इअरफोन आणले. तोवर आम्हाला वॉकमनचे, स्पंजच्या चकत्यांचे, कानावर टेकवायचे तेवढेच माहीत. हे थेट कानात शिरणारे. टोकाला काळ्या रबराच्या टोप्या, आणि डबीत लहान, मधल्या, मोठ्या अशा जोड्या. स्टेजवरचे गाणारे असलेच वापरतात म्हणे. "मधली टोपी लगा बे, तेरे कू वहीच बैठती," असं रज्जाकनं बजावलं.

मी ते घातले आणि दुकानाचा गलका बंद झाला. अप्पांच्या हाका बंद झाल्या. (हा गुण डबीवर ठळक छापायला हवा होता.) तबलेवाला माझ्या दोन भुवयांच्या मध्ये मांडी घालून बसला. गाणारीनं ओळीआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

त्या दिवसापासून मी आवाजातला जाणकार झालो. गिऱ्हाइकाला लुगडं दाखवता दाखवता सांगायचो, बास कसा पाहिजे, तर कांबळ्यासारखा, जाड आणि ऊबदार. वरचे सूर मलमलीसारखे, अंगाला लागले तरी टोचू नयेत. गळा मधोमध, नीट इस्त्री केलेला. गिऱ्हाईक मान हलवायचं आणि शेजारच्या दुकानात जायचं.

एवढ्यावर थांबलो असतो तर हे सांगायची वेळ आली नसती. पण मला वाटलं, टोपी मोठी तर बासही मोठा. मी मोठ्या टोप्या चढवल्या, डावी जरा दाबूनच कोंबली, आणि गाणं संपल्यावर वायर ओढली. इअरफोन बाहेर आला तो बोडका. टोपी गायब.

मी घर डोक्यावर घेतलं. माझी धाकटी बहीण नंदा हिच्यावर पहिला संशय, कारण तिला बारक्या वस्तू जपून ठेवायची सवय. तिनं शपथ घेतली. माय म्हणाली, केरात गेली असंल. अप्पांचं मत, बरं झालं गेली. नाइलाजानं डावीकडे बोडकाच इअरफोन लावून ऐकलं, तर ढोलक उठून उजवीकडे जाऊन बसलेला. यंत्राची बनावटच कच्ची आहे, असा मी निकाल दिला. डाव्या कानाला बाकीचंही सगळं गादीआडून ऐकू येत होतं, पण ती कूलरची सर्दी असणार. मायनं लसूण तळून कोमट तेल त्या कानात ओतलं. टोपी हरवली आणि कान बसला, या दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे मात्र आलं नाही.

त्याच आठवड्यात नंदाला बघायला शिरूर कासारचे पाहुणे आले. मुलगा महादेव, शाळेत मास्तर, सोबत त्याची आई आणि मामा. स्थळ चांगलं होतं. नंदालाही पसंत होतं, तिनं तसं मायजवळ बोलूनही दाखवलं होतं. बोलणी करणारे मामा फार हळू बोलणारे, आणि नेमके माझ्या डाव्या हाताला बसले.

"पोरगी शिकलेली हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

मला ऐकू आलं 'शिवलेली'. मी दुकानदारीच्या सवयीनं हसलो. "न्हाई मामा, शिवलेलं आमी ठिवत न्हाई. ताग्यातनं फाडून देतो."

मामांनी महादेवच्या आईकडे पाहिलं. मग त्यांनी मुलीचं वय काय, असं विचारलं. मला ऐकू आलं 'सोय काय'. मी लगबगीनं उठलो, तांब्या भरून त्यांच्या हातात दिला आणि मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं.

मामा तांब्या मांडीवर घेऊन बसून राहिले. शहाणा माणूस. त्यांना काय ते कळलं. मग ते अप्पांकडे सरकले आणि कुणाचं मन दुखू नये अशा बेतानं म्हणाले, "हे घराण्यात पहिल्यापासनंच हाय का?"

अप्पांना वाटलं, दुकानाबद्दल विचारताहेत. त्यांची छाती फुगली. "आमच्या आज्यापासनं. मग आमच्या बापात आलं, मग माझ्यात. आता ह्यो बी त्यातच पडलाय."

महादेवच्या आईनं पदर सावरला. मामा म्हणाले, बस गाठायची हाय, विचार करून कळवतो. असं कळवणारे कधी कळवत नाहीत, हे माझ्या उजव्या कानालाही समजलं.

तेवढ्यात नंदा चहा घेऊन आली. माझ्यासमोर ट्रे धरताना ती थबकली, माझ्या डाव्या कानाकडे वाकून बघितलं, ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. आली ती भुवयांचा चिमटा घेऊन.

"दादा, हालू नको," ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर माझा कान धरला.

आत काहीतरी फट्‌ झालं आणि सगळं जग एकदम आत शिरलं. रिक्षांचे हॉर्न, पंख्याची कुरकुर, मायचा हुंदका. नंदानं तेलात न्हालेली काळी टोपी बशीत ठेवली आणि बशी मामांपुढे सरकवली.

"आमच्या घरात बहिरं कुणी न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "माझं वय एकवीस. बी.ए. झालंय. दादाला बास जरा जास्त पायजे हुता, एवढंच."

मग इतका वेळ खाली मान घालून बसलेले महादेव मास्तर हसायला लागले. ते थांबेचनात. हसून झाल्यावर त्यांनी मला इअरफोन मागितला, फक्त उजवा, आणि तो रुमालानं तीनदा पुसून कानात घातला. कॅसेट अर्धी होईतो काढला नाही. मामांनी दोनदा हाक मारली, त्यांना ऐकूच गेली नाही. मग मामांनी मांडीवरचा तांब्या उचलून पाणी पिऊन टाकलं, आणि आमच्याकडे सोयरीक ठरली.

लग्नात आमच्या या नव्या दाजींनी बँडवाल्याला काय सांगितलं कोण जाणे, एक ट्रंपेटवाला वरातभर माझ्या कानाला चिकटून होता. मांडवात पोचल्यावर दाजी घोड्यावरून उतरले, माझ्यापाशी आले आणि हसत काहीतरी बोलले. आवाज कसा वाटला, असं विचारलं असावं. नक्की सांगता येत नाही, मला ऐकू आलं नाही. मी आपला तांब्या आणायला धावलो.