कोरडी बाटली

माझा दादा चिडका आहे, असं कारखान्यात सगळे म्हणतात. म्हणोत. सव्वीस वर्षं कॉम्प्रेसरच्या खोलीत उभं राहून बघा, मग कळेल डोकं कशानं तापतं. खोली छोटी, आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. आणि काम असं की नीट झालं तर कुणाला दिसतच नाही. दिसतं ते फक्त बिघडल्यावर, आणि मग सगळे त्याच्याच नावानं ओरडतात.

तिथली दोन मोठी यंत्रं हवा दाबून पाइपात सोडतात. त्या यंत्रांना तेल लागतं, आणि त्यातलं थोडं तेल धुक्यासारखं बारीक होऊन हवेबरोबर पुढे निघतं. ते अडवायला फिल्टर असतो. बाहेरून बघाल तर एक साधं उभट लोखंडी भांडं. त्याच्या आत काचेच्या बारीक तंतूंची नळी बसवलेली असते. धुक्याचे कण त्या तंतूंना चिकटतात, एकमेकांत मिसळून त्यांचे थेंब होतात, थेंब जड झाले की खाली उतरतात आणि तळाच्या तोटीतून बाहेर पडतात. त्या तोटीखाली दादानं काचेची एक बाटली बांधली होती. रोज सकाळी ती उजेडात धरून बघायचा. किती भरली, तेल किती, पाणी किती, रंग कसा. सगळं वहीत लिहायचा आणि मगच चहाला हात लावायचा. त्यावरून त्याचं नाव थेंबमास्तर पडलं. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. वहिनी म्हणायची, "माझ्या तोंडाकडे जन्मात कधी इतकं निरखून बघितलं नाही."

फिल्टर घ्यायचा म्हटला की खरेदीवाले पाइपाचं माप बघायचे आणि मोकळे व्हायचे. दादा प्रश्न विचारून त्यांच्या नाकी नऊ आणायचा. हवा किती जाणार? किती दाबानं? फिल्टरपाशी येईपर्यंत ती थंड झालेली असते का? कारण गरम तेलाची वाफ कुठलाही तंतू अडवत नाही. आणि शेवटी एक प्रश्न ठरलेला: ही हवा पुढे कोण वापरणार? त्यावर ते हसायचे. हवा यंत्र वापरतं, दुसरं कोण वापरणार!

माझा नवरा वापरतो. तो रंगखात्यात आहे. बंद खोलीत, डोक्यावर हुड चढवून तो लोखंडी सांगाड्यांना रंग मारतो. हुडमध्ये श्वासाला जी हवा येते, ती याच पाइपातून येते. दिवसाचे सात तास तो तीच हवा ओढतो.

मी देखभाल विभागात कागद सांभाळते. रोजच्या तपासणीचा एक छापील तक्ता आहे. त्यातला अकरावा प्रश्न असा: 'ड्रेन कोरडा आहे का? होय / नाही.' ड्रेन म्हणजे तीच तळाची तोटी. ज्यानं हा प्रश्न छापला त्यानं फिल्टर आयुष्यात उघडून बघितला नव्हता, हे आता मी छातीठोकपणे सांगते. दादा तो प्रश्न रोज पेनानं खोडायचा आणि शेजारी बाटलीतलं माप लिहायचा. तक्ता बदला म्हणून त्यानं तीन अर्ज दिले. कुणी दाद दिली नाही. आणि मी, त्याची सख्खी बहीण, ते खोडलेले कागद फायलीत लावताना मनात म्हणायचे, याची आणखी एक कटकट. एकदाही त्याला विचारलं नाही की बाबा, का खोडतोस?

गेल्या वर्षी त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तीन आठवडे रजा. जाण्याआधी त्यानं नव्या नळीची मागणी लिहून दिली, नंबरासकट, ठळक अक्षरांत. फिल्टरवर दाबाची एक सुई असते. हवेला आत जास्त अडथळा व्हायला लागला की ती हिरव्यातून लालाकडे सरकते, आणि आमची सुई लालाला टेकली होती. मला त्यानं एवढंच सांगितलं, "मी नसताना रोज बाटली बघ. विसरू नकोस."

मी विसरले नाही. तेच तर सांगतेय.

त्याच्या रजेच्या दुसऱ्या दिवशी नवी नळी आली. खरेदीसाहेबांनी नंबर वाचायची तसदी घेतली नव्हती. आटे तेच, उंची तीच, भांड्यात अगदी फिट्ट बसली. पण ती धूळ अडवायची साधी जाळी होती. तेलाचं धुकं तिच्यातून सरळ आरपार जात होतं. अडथळाच नाही म्हटल्यावर सुई एका झटक्यात हिरव्यात गेली. पार शेवटच्या खात्यापर्यंत हवेचा दाब वाढला. सगळे खूश. खरेदीसाहेबांनी फळ्यावर स्वतःचं अभिनंदन लिहवून घेतलं.

मी रोज सकाळी खोलीत जायचे, बाटली बघायचे. कोरडी ठणठणीत. तक्त्यात 'होय'वर टिक करायचे आणि खाली सही ठोकायचे. असे अठरा दिवस. दादाचा फोन यायचा, "काय म्हणतेय बाटली?" मी म्हणायचे, "एकदम छान आहे रे. तू डोळे मीट आणि पडून राहा."

दुसऱ्या आठवड्यात नवरा खोकायला लागला. गार पाणी पिता म्हणून मी त्यालाच झाडलं. तो म्हणाला, "हुडमध्ये वास येतो, तापलेल्या तव्यासारखा." उरलंसुरलं तेल धरायला हुडच्या आधी एक कोळशाचा फिल्टर होता, तो बिचारा पहिल्या चार दिवसांतच तेलानं गच्च झाला होता, हे आम्हाला नंतर कळलं. नवऱ्यानं सुपरवायझरला सांगितलं. सुपरवायझरनं सुई बघितली. हिरव्यात होती. विषय संपला.

दादा परत आला तो काळा चष्मा लावून. मी त्याच्याबरोबर खोलीत गेले, मोठ्या तोऱ्यात.

"बघ, अठरा दिवसांत एक थेंब नाही," मी त्याच्या कानात ओरडले.

त्यानं बाटली सोडवली, चष्मा काढला, बाटली उजेडात धरली. तळावर धूळ बसली होती. त्याचा चेहरा असा उतरला की मला आधी वाटलं, डोळाच दुखतोय.

"अगं, यंत्रात तेल रोज घालतोय ना आपण?"

"घालतोय."

"ते रोज कमी होतंय ना?"

"होतंय."

"मग गेलं कुठे?"

इतका साधा प्रश्न! तो मला अठरा दिवसांत एकदाही पडला नाही. अक्कल गहाण टाकून मी टिक करत होते.

दादा धावत रंगखात्यात गेला. नवऱ्याच्या डोक्यावरचा हुड त्यानं स्वतःच्या हातानं उतरवला, हुडला हवा आणणाऱ्या नळीच्या तोंडाशी आपला पांढरा रुमाल धरला. दहा मिनिटांत रुमालावर पिवळा डाग पसरला. दादानं त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. सुपरवायझर बोंबलत राहिला. दादा त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हता.

डॉक्टरांनी नवऱ्याची छाती तपासली, फोटो काढले. फुप्फुसात तेल गेलंय म्हणाले. बरं वाटेल, पण पूर्वीसारखं होईल का, ते आत्ता सांगता येणार नाही.

चौथ्या दिवशी चौकशी बसली. कुणाची? दादाची! विनापरवानगी लाइन बंद करून काम बुडवल्याबद्दल. खरेदीसाहेबांनी माझे अठरा तक्ते टेबलावर पसरले, एकेकावर बोट ठेवत गेले.

"सुई हिरवी. ड्रेन कोरडा. रोज. कागदावर कुठेच बिघाड नाही. सही यांच्या बहिणीचीच आहे."

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. तो म्हणाला, "तिला मी नीट सांगितलं नव्हतं. बाटली बघ म्हणालो, काय बघायचं ते सांगितलं नाही. चूक माझी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरेदीसाहेबांचा राग तर होताच, पण दादाचाही आला. मी काय कुकुलं बाळ आहे, मला पाठीशी घालायला? मी उठले.

"हे तक्ते चुकीचे आहेत. टिक मी केल्यात. कोरडा ड्रेन म्हणजे फिल्टर काम करत नाही, एवढंही मला कळलं नाही."

"म्हणजे चूक तुमची," मोठे साहेब म्हणाले.

"माझी आहेच. नंबर न वाचता जाळी आणली त्यांची आहे. आणि ज्यांनी हा अकरावा प्रश्न छापला, आणि तीन अर्ज येऊनही बदलला नाही, त्यांचीही आहे."

लिहून घेणाऱ्यानं 'माझी आहेच' तेवढं लिहून घेतलं. बाकीचं लिहा म्हणून मी दोनदा सांगितलं. त्यानं पेनाला टोपण लावलं.

योग्य नळी दोन दिवसांत येणार होती. एवढं मात्र झालं. दादाला लेखी ताकीद, मला लेखी ताकीद. खरेदीसाहेब मूग गिळून बसले आणि सुटले. तक्ता अजून तोच आहे.

जिना उतरताना दादा म्हणाला, "घरी बोलू नकोस. त्याला सध्या श्वास घ्यायचंच काम पुष्कळ आहे."

दुपारी घरी आले. नवरा खिडकीशी खुर्ची टाकून बसला होता. बसल्या जागीसुद्धा श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. मी पाणी दिलं. त्यानं दोन घोट घेतले आणि म्हणाला,

"दादा असते तर हे झालं नसतं. ते नसताना ती बाटली बघत कोण होतं? कुठलं गाढव?"

दादाचं बोलणं माझ्या कानात होतं. गप्प बसणं सोपं होतं, आणि त्यानं बहुधा पुन्हा विचारलंही नसतं. पण अठरा दिवस मी सगळं छान आहे असंच सांगत आले होते. एकोणिसाव्यांदा सांगवेना.

"मी होते," मी म्हणाले.

त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग त्याच्या कपाळाची शीर ताठ झाली, त्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि ओरडायला तोंड उघडलं. आवाजाऐवजी खोकला आला. एक उबळ, मग दुसरी, मग थांबेचना. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिले. उबळ ओसरली की तो पुन्हा तोंड उघडायचा आणि पुन्हा खोकायचा. मला शिव्या घालायचा त्याचा पूर्ण हक्क होता. त्या घालायलासुद्धा त्याला हवा पुरत नव्हती.