फोन देऊन पुस्तकाची मशीन

पोरगी सात महिन्यांची होती तेव्हा तिले ताप आला, अन् माह्या मांडीवरच तिनं डोळे पांढरे केले, हातपाय ताठ झाले, तोंडाले फेस आला. मी घरात एकटी. सासू वावरात सांबाराच्या, म्हंजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधाले गेलेली, हे भाजी घेऊन अमरावतीच्या मार्केटात. मी ह्यायले फोन लावला, बोलता येत नोतं, नुसतीच रडून राहिली, तरी समजले थे, ऑटो घेऊन आले. डॉक्टर म्हणे, तापाचा झटका आहे, मोठी होईस्तोवर कधीबी येऊ शकते, घाबरू नका. घाबरू नका म्हणाले काय जाते.

तवापासून पोरगी झोपली की मी तिच्यापाशी बसून फोनवर गोष्टी वाचाची. शाळा माही नववीतच सुटली, पण वाचाले येते मले, हळूहळू, बोट ठेवून. वाचत असली की भेव जरा मांगं सरकते. पण फोनची काच फुटलेली, अन् तिची रेघ नेमकी ओळीवरून जाये, मंग डोकं दुखे. सासू म्हणे, "माय वं, त्या उजेडानं लेकराचे डोळे जातीन, अन् तुये बी."

ह्यायले दया आली म्हणा का कटकट झाली म्हणा, थ्यायनंच काढलं, का नुसती वाचाची मशीन भेटते, कागदासारखी, डोळ्याले त्रास नाई. मले तर खरंच वाटे ना. मी लोकायले इचारत सुटली. अकोल्याले मावशीकडं बारश्याले गेली तं तिच्या शेजारच्या मॅडमजवळ एक होती. त्यायनं हातात देली. हलकी, कंपासपेटीएवढी. पान पलटवलं तं सगळी काळी होऊन गेली एक डाव, मले वाटलं मोडली आपल्या हातानं. मॅडम हसल्या. "अशीच होते वं ते. पण माही जुनी आहे, याच्यात लाईट नाई, बल्ब लावा लागते. तू लाईटवाली घे, लेकरू झोपलं तरी वाचता येते. अन् एक ध्यानात ठेव, मराठी पुस्तकं कमी भेटतात याच्यावर, अन् बाहेरून टाकली तं जोडाक्षरं फुटतात कधी कधी."

फुटले तं फुटले, मी म्हटलं, अर्ध्या शब्दावरून बी समजते मले. घरी येईस्तोवर मी ठरवून टाकलं होतं का घ्याचीच. लाईटवाली.

पोरीले डोस द्याले अमरावतीले गेलो तं येताना हे दुकानात घेऊन गेले. काउंटरवर दोन मशिनी मांडल्या पोट्ट्यानं. एक लहान, एक मोठी. मोठीचा उजेड पिवळा करता येये, दिव्यासारखा, अक्षर बी मोठ्ठं होये. मी लहानीवर बोट ठेवलं, एका हातात पोरगी असते ना माह्या, मोठी धरता आली नसती. हे खूश होते त्या दिवशी. खिशातून माहा फोन काढला अन् पोट्ट्याले म्हणे, "याच्या बदल्यात किती कमी होतीन?"

मले तवा कळलं, फोन देऊन मशीन घ्याची आहे.

मी पोट्ट्याले इचारलं, "दादा, याच्यातून फोन लागते का?"

"वहिनी, पुस्तक आहे हे. पुस्तकातून कुठं फोन लागते?" थो हसला, हे बी हसले.

मी म्हटलं, "मंग मले फोनच राहू द्या."

"काहून? घरी आईचा फोन आहे ना."

"आईचा फोन आईसंगं वावरात असते."

"मंग? तुले कोणाले लावाचा आहे दिवसभर?"

मोठ्यानं म्हटलं नाई थ्यायनं. पण दुकानातला पोट्टा मान खाली घालून डबा बंद कराले लागला. माह्या जिभेवर होतं, तुमालेच, तुमालेच लावाचा आहे, झटका आला तं कोणाले लावू. पोरीचं टोपडं सारखं केलं अन् म्हटलं, "नको. मशीन नको मले."

"आता नको? एवढ्या लोकायले इचारत फिरली तं?"

गाडीवर घरी आलो. सासूनं इचारलं, आणली का वं, तं हेच बोलले, "तिले वाचाचं नाई, फोन पाहिजे तिले." सासूनं माह्याकडं पाह्यलं. काहून म्हणून इचारलं असतं तं मी सांगतलं असतं.

आता फोनवर गोष्टी नाई वाचत मी. फोन हातात दिसला का घरात सगळ्यायची नजर वळते, म्हणून खिडकीत ठेवते, सगळ्यायले दिसन असा, पडदा वर करून. दुपारी पोरगी झोपते, मी नुसती तिच्यापाशी बसून राहते, काई नाई वाचाले. मधातच तिचं आंग गरम लागते, का मलेच तसं वाटते, तं कपाळाले दुसऱ्यांदा हात लावाच्या आधी मी खिडकीकडं जाते, अन् फोनची चार्जिंग पाहते.