बाची बंदूक, चकमकीवर

थर्मन स्टिल्टनरच्या बानं, हॉबर्टनं, बंदूक घरीच केली होती. खाणीतल्या मोडक्या गाडीचा आस उचलून आणला, त्याची नळी केली. परसातल्या अक्रोडाचा दस्ता कोरला. नळीच्या आत पीळ पाडायला लाकडी घोडी बांधली आणि अख्खा हिवाळा ती पुढं-मागं ओढत बसला. बंदूक ठासणीची, पण टोपीची. घोडा दारू भरलेल्या तांब्याच्या इवल्या टोपीवर आपटायचा आणि बार उडायचा. पाइनी डोंगरावरची माणसं तिला ‘हॉबर्टचा नळ’ म्हणायची आणि खिदळायची.

या डोंगराची रीत अशी, की थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी मॉड आजीच्या रानात बैलासाठी नेमबाजी. बैल कापून त्याचे पाच वाटे. पुढच्या-मागच्या चार तंगड्यांचे चार वाटे, पाचवा वाटा कातडं आणि चरबी. ज्याचा नेम सरस, तो आपला वाटा आधी निवडणार. पण कुंपणाच्या आत यायचं तर बंदूक गारगोटीच्या चकमकीवर उडणारी पाहिजे. टोपीवाल्यानं बाहेर उभं राहून मक्याची भाकरी चघळावी. हॉबर्ट जन्मभर बाहेरच उभा राहिला. छातीत कोळशाची धूळ भरली, दोन पावलांवर दम लागायला लागला, तरी मेला त्या सालीही काठी टेकत आला होता. कुंपणाला धरून सगळी नेमबाजी बघितली आणि घरी गेला.

थर्मनला मांसाची हाव नव्हती. धुरीघरात डुकराच्या मांड्या टांगलेल्या होत्या. त्याला बाची बंदूक एकदा कुंपणाच्या आत वाजलेली ऐकायची होती, बस्स.

खाणीतली पाळी सुटल्यावर त्यानं ती भिंतीवरून उतरवली. दस्ता तडकला होता, तो सरस आणि खुंट्या घालून सांधला. नळी घासून आतून लख्ख केली. टोपीची बोंडी काढून तिथलं भोक बुजवलं, बाजूला बारीक काना, म्हणजे जाळ आत जायचं भोक, पाडला, त्याच्या तोंडाशी रंजकेची, पेटवायच्या बारीक दारूची, वाटी बसवली. राहिलं ते पोलादाचं पान. घोड्याच्या तोंडातली गारगोटी त्यावर खरडते, ठिणग्या पडतात, रंजक पेटते. पान मऊ असलं तर सगळं मुसळ केरात. ते करायचं लोहारानं, आणि लोहार म्हणजे एस्टिल रॅटलिफ. दोघं एका शाळेतून पळालेले, खाणीत एका डब्यात जेवलेले. एस्टिलनं हाडं आणि चामडं जाळून केलेल्या कोळशात पान पुरलं, लालबुंद केलं, पाण्यात टाकलं. कानस त्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरली.

भात्यामागं त्यांनी चाचणी घेतली. ओंडक्यात एक खिळा अर्धवट ठोकला होता. थर्मननं नेम धरला. ठिणग्यांचा फुलोरा उडाला, बार झाला, आणि खिळा लाकडात पार आत गेला.

“आयला, नळ बोलाय लागला की रं थर्मन्या!”

“बोलत हुताच. ऐकणारं समदं कुंपणाच्या आत हुतं.”

एस्टिल हसला. मग ओंडक्यापाशी गेला, खिळ्याच्या डोक्यावर बोट ठेवून उगाच उभा राहिला. परत आला तो म्हणाला, “घोड्याची कमान जरा ढिली वाटती. ठिवून जा. शनवारी थेट रानात घिऊन येतो.”

“आत्ता तर झ्याक वाजली.”

“शनवारी गारठा असंल. तुझ्या बाच्या नावाचा सवाल हाय. का माझ्यावर इस्वास न्हाई?”

थर्मन रिकाम्या हातानं घरी गेला.

शनिवारी एस्टिलनं बंदूक आणून दिली, पुसून, तेल लावून. घोडा ओढून बघावा असं थर्मनच्या मनात आलं. पण बारी येण्याआधी कुंपणात घोडा पाडायचा नाही, हा आजीचा कायदा. आणि लोहारानं दिलेली चीज त्याच्या तोंडावर तपासायची नाही, ही डोंगराची रीत. त्यानं मान हलवली.

बारी आली. दारू ठासली, गोळी ठासली, रंजक घातली. घोडा पडला. खट्ट. ठिणगी नाही. गारगोटी पुसली. खट्ट.

“नळाला पानी न्हाई आलं का रं?” मागून कुणीतरी म्हणालं. माणसं फिसफिसली.

तिसऱ्यांदाही खट्टच.

“बारी ग्येली, लेकरा,” मॉड आजी म्हणाली.

थर्मननं पानावर अंगठा फिरवला. ओल्या मातीत नांगर जावा तसे चरे पडले होते. खिशातली कानस काढून एकदा ओढली. कानस चावली, चकचकीत कीस निघाला. पान पुन्हा लाल करून राखेत हळूहळू निवू दिल्याशिवाय असं मऊ पडत नाही. कमानीशी त्याचा काही संबंध नाही.

त्यानं एस्टिलकडं बघितलं. एस्टिल बैलाकडं बघत होता.

“माझी घे,” तो म्हणाला. “दुसऱ्याची चालती.”

“तुझी नगं.”

“ठासल्याली बंदूक घरी न्यायची न्हाई,” आजीनं सांगितलं. “भाईर जाऊन उडीव.”

“आजी, भाईर ती लई डाव वाजलीया.”

आजीनं चिलीम तोंडातून काढली. हॉबर्टला तिनंच इतकी वर्षं बाहेर ठेवला होता. “बरं, हितंच उडीव. पर नेम मोजायचा न्हाई.”

थर्मननं शेकोटीतला निखारा चिमट्यात धरून एस्टिलपुढं केला. “काना तू पेटीव.”

“म्या कशाला?”

“पान तू केलंस. आता पानाच्या जागी हुबा ऱ्हा.”

एस्टिल जवळ आला. त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाला, “तुझ्या बाच्या नळानं माझी इकतची बंदूक हरीवली असती. मंग मला हितं काय उरलं असतं?”

थर्मननं दस्ता खांद्याला लावला. “धर निखारा.”

बार झाला. गोळी नेमाच्या फळीच्या कडेला, मधल्या खुणेपासून वीतभर लांब लागली. बाची बंदूक कुंपणाच्या आत वाजली होती. दरीतून त्याचा पडसादही आला, असं नंतर बायकोनं, लॉटीनं, सांगितलं. थर्मनला काही ऐकू आलं नाही. त्याचं सगळं ध्यान निखारा धरलेल्या एस्टिलच्या हाताकडं होतं. तो हात जरासुद्धा थरथरला नव्हता.

एस्टिलनं मागची तंगडी जिंकली आणि अर्धी थर्मनकडं पाठवली. थर्मननं ती दारातूनच परत धाडली, वर ते मऊ पान चिंधीत गुंडाळून ठेवलं.

“आवं, मांसानं काय घोडं मारलं हुतं?” लॉटी करवादली.

थर्मन परसात हाडं जाळायला खड्डा खणत होता. पान कसं करतात ते त्यानं एस्टिलच्या शेजारी उभं राहून बघितलं होतं. आता एकट्यानं करायचं होतं.