मीटर खाली लगाडजो

बडोद्याला रावपुऱ्यात आम्ही वरच्या मजल्यावर भाडेकरू होतो आणि आमची वीज यायची खाली राहणाऱ्या मालकीणबाईंच्या मीटरवरून. आम्ही त्यांना मासी म्हणायचो. मासी मनाने वाईट नव्हत्या, पण मेन स्विच त्यांच्या हातात! आईने पिठाची घरघंटी लावली रे लावली की खालून हाक, "बेन, घंटी बंध करो, फ्यूज उडशे!" आणि पाठोपाठ अंधार.

आईला थालिपिठाची भाजणी दळून विकायची होती. मागणीही भरपूर. पण अर्धवट दळलेली भाजणी कोण घेणार, कपाळ!

बाबा भूगोलाचे मास्तर. सोव्हिएत संघ फुटला त्यानंतरची ती वर्षं. एकदा पेपर वाचता वाचता म्हणाले, "हे बाल्टिककडचे चिमुकले देश बघ. झेंडा आपला, पण वीज अजून थोरल्या शेजाऱ्याच्या तारांवर."

"मग आधी मीटर घ्या म्हणावं त्यांना," आई म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या नावाने अर्ज देऊन आली.

यथावकाश मीटर बसवणारा आला. त्याने मासींकडची जुनी तार काढली. आई बुटकी, आकडे दिसावेत म्हणून तिने आपल्या बडोदी गुजरातीत बजावलं, "भाई, मीटर खाली लगाडजो हं." आता आपलं खाली म्हणजे खालच्या बाजूला, आणि गुजरातीतलं खाली म्हणजे फक्त! त्या भल्या माणसाने फक्त मीटर लावलं, नवी तार जोडलीच नाही, आणि चहा पिऊन गेला.

संध्याकाळी बटण दाबलं. छे! मासी जिना चढून आल्या. "तार पाछो जोडी दऊं, बेन?" त्यांनी अगदी मायेने विचारलं. भाजणी उद्याच द्यायची होती. आईचा चेहरा पडला. आता ही हो म्हणणार, या विचाराने मला रडूच आलं.

"ना मासी," आई म्हणाली. "एक रात चालशे."

सकाळी बाबा त्या माणसाला स्कूटरवर बसवून घेऊनच आले. तार जोडली गेली, आईने घंटी सुरू केली, आणि सवयीने खालून हाक आलीच, "बेन, घंटी बंध करो!"

आई गॅलरीत धावली. "नहीं करूं!" अख्ख्या रावपुऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली.

खाली मासी खो खो हसत सुटल्या. आई मात्र कठडा धरून रडत होती, आणि आत घंटी चालूच होती.